दातांतले सिमेंट आणि हातातला ब्रश
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाई मला भाषणाचे बोलावणे करायला घरी आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, वर्धापनदिनासारख्या मंगल प्रसंगी दातांची डॉक्टरीण कशाला? बायका तोंडाला पदर लावून बसतील!" त्यावर त्या म्हणाल्या, "गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळाची वडी खाताना आपल्या तिघींच्या दातांतले सिमेंट निघून आले. त्या तिघी अजून एकमेकींना विचारताहेत, की डॉक्टर वाईट, सिमेंट वाईट की वडी वाईट? तेव्हा तुम्ही याल आणि याच विषयावर बोलाल." असा प्रेमाचा हुकूम झाल्यावर नाही म्हणण्याची सोय उरली नाही.

वडी करणाऱ्या बाई इथेच बसल्या आहेत, म्हणून त्यांना आधी दोषमुक्त करते. चिकट वडीने सिमेंट उचलले जाते हे खरे. पण चांगले बसलेले सिमेंट सहसा एका वडीने उचलले जात नाही. ते आधीपासून झिजत, खरखरीत होत, कडेने सुटत आलेले असते, आणि वडीच्या वेळी आपल्याला ते कळते इतकेच. आता त्या झिजण्यात आपल्या रोजच्या दात घासण्याचा वाटा किती, हा आजचा विषय.

प्रथम एक हिशेब मांडू. आपण दिवसातून दोनदा दात घासतो असे धरले, तर वर्षाला ७३० वेळा घासतो. एका दाताच्या एका बाजूवरून एका वेळी ब्रशाचे पंधरा फेरे जातात असे माना. म्हणजे वर्षाला १०,९५० फेरे झाले. बदलापूरहून पहाटेची लोकल गाठणारी भगिनी घाईघाईने दोन फेरे कमी देत असेल. पण घाईत हाताचा जोर मात्र वाढलेला असतो! इतके घासणे सहन करायचे तर पृष्ठभाग तसाच टणक हवा. दाताचे वरचे कवच, ज्याला आम्ही एनॅमल म्हणतो, ते शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य आहे. त्याच्या आतला थर, म्हणजे डेंटिन, पुष्कळच मऊ. आणि आम्ही डॉक्टर मंडळी दातात जे भरतो ते माणसाने केलेले. त्याची कठिणता जातीजातीप्रमाणे वेगळी.

आपल्या भागात लोक 'चांदी भरली' किंवा 'सिमेंट भरले' असे दोनच शब्द वापरतात. पण भरण्याचे प्रकार मुख्यतः तीन आहेत, आणि प्रत्येकाचे ब्रशाशी नाते निराळे आहे.

पहिली चांदी. हिच्यात चांदी, कथील व तांबे यांची पूड पाऱ्यात कालवलेली असते. जवळजवळ निम्मा भाग पाराच असतो. ती ब्रशाला चांगली टिकते, फारशी झिजत नाही. मात्र पाऱ्यामुळे होणारे प्रदूषण कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, आणि तेव्हापासून जगभर चांदीचा वापर कमी होत चालला आहे. ज्यांच्या दाढेत जुनी चांदी नीट बसलेली आहे त्यांनी घाबरून ती उकरून काढण्याची गरज नाही, एवढे जाता जाता सांगते.

दुसरे दाताच्या रंगाचे भरणे, जे निळा दिवा धरून घट्ट करतात. याला कंपोझिट म्हणतात. रॅफेल बोवेन नावाच्या अमेरिकन संशोधकाने यासाठी लागणारी राळ तयार केली आणि १९६२ साली तिचे पेटंट मिळवले. हे द्रव्य कसे असते हे समजण्यासाठी आपल्या जुन्या चाळींतली मोझॅकची फरशी आठवा. फरशीत सिमेंट असते आणि त्यात दगडाच्या कपच्या बसवलेल्या असतात. कंपोझिटात सिमेंटाच्या जागी राळ आणि कपच्यांच्या जागी काचेचे अतिसूक्ष्म कण असतात. मोझॅकची फरशी वर्षानुवर्षे खरखरीत घासणीने घासली तर काय होते? मधले मऊ सिमेंट आधी झिजते, कपच्या वर डोकावू लागतात, मग एखादी कपची सुटते आणि खळगा राहतो. कंपोझिटाचे अगदी असेच होते. राळ मऊ म्हणून आधी झिजते, कण उघडे पडतात, मग निसटतात. कण मोठे असतील तर खळगे मोठे पडतात. म्हणून पूर्वीच्या जाड कणांच्या कंपोझिटाची चकाकी लवकर जात असे; हल्लीच्या बारीक कणांच्या प्रकारांत ती जास्त काळ टिकते.

तिसरे खरे सिमेंट, म्हणजे ग्लास आयोनोमर. विल्सन आणि केंट या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ते शोधले, आणि १९७२ च्या सुमारास ते जगापुढे आले. याचा मोठा गुण असा, की ते दाताला स्वतःहून चिकटते आणि त्यातून हळूहळू फ्लोराइड झिरपत राहते. त्यामुळे लहान मुलांच्या दातांना आणि हिरडीजवळच्या खाचांना ते फार उपयोगी पडते. दोष असा, की तिन्हींमध्ये ब्रशाच्या घर्षणाने सर्वांत लवकर झिजणारे व खरखरीत होणारे हेच आहे.

आता कोणी म्हणेल, थोडे खरखरीत झाले तर बिघडले काय? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की आपण टाकीवाल्याला बोलावून टाकी लावून घेत असू. का? खडबडीत पाट्यावर मसाला धरला जातो म्हणून. दातांत आपल्याला नेमके उलटे हवे आहे. तिथे काही धरले जाऊ नये. खरखरीत भरण्यावर जंतूंचा थर चटकन धरतो, तो ब्रशाने सहज निघत नाही, आणि मग भरण्याच्या कडेला पुन्हा कीड लागते, हिरडी सुजते. चहाचा आणि हळदीचा डागही अशाच जागी बसतो. संशोधकांनी मोजून असे सांगितले आहे, की खरखरीतपणा सरासरी ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की जंतूंचा थर वाढू लागतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर हा त्याचा साडेतीनशेवा हिस्सा झाला! डोळ्याला हे दिसायचे नाही, आणि जिभेलाही इतके बारीक कळत नाही.

मग घासते कोण? बायका नेहमी ब्रशाला दोष देतात. वास्तविक नायलॉनचे केस नुसत्या पाण्याबरोबर फिरले तर एनॅमलला ते फारसे काही करत नाहीत. खरे घासणारे असते ते ब्रशावरचे द्रव्य. कठिणता मोजण्याचे एक माप आहे. त्यात एनॅमल ५ च्या आसपास, डेंटिन ३ च्या आसपास, पेस्टमध्ये घालतात तो खडू ३, आणि वाळूतली गारगोटी ७. आता विटकरीची पूड, चुलीतली राख, किंवा रस्त्यावर पुडीत मिळणारे अनोळखी मंजन यांत वाळूचे कण असतील, तर आपण दातापेक्षाही कठीण वस्तूने दात घासतो आहोत. कल्हईचे भांडे कोणी वाळूने घासते का? घासले तर चार दिवसांत आतले तांबे दिसू लागते. दातांतले भरणे ही आपली कल्हई समजा. आजच्या सुनांना कल्हई माहीत नसेल, तर त्यांनी आपला न चिकटणारा तवा आणि तारेची घासणी आठवावी.

पेस्टमध्येही फरक असतो. तिची घासण्याची शक्ती मोजतात, आणि जागतिक मानकाने त्या मापात २५० ही वरची मर्यादा घातली आहे. हा आकडा वेष्टनावर सहसा छापलेला नसतो. पण 'दात झटपट पांढरे' असे वचन देणाऱ्या पेस्ट बहुधा जास्त घासणाऱ्या असतात, आणि कोळशाची मंजनेही तशीच असू शकतात. शिवाय या पेस्टने भरण्याचा रंग बदलत नाही. घासून त्याची चकाकी मात्र जाते, आणि मग ते पूर्वीपेक्षा अधिक डागाळते.

भगिनींनो, इथवर मी पुस्तकातले सांगितले. आता माझ्या दवाखान्यातली एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला संकोच वाटतो, कारण तीत चूक माझी आहे.

अंबरनाथला दवाखाना घालून मला तेव्हा दहा वर्षे झाली असतील. बदलापूरकडच्या एका मावशी यायच्या. पापड लाटून संसाराला हातभार लावणाऱ्या. त्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडल्या होत्या आणि गार पाणी लागले की कळ मस्तकात जाई. मी सहा दातांत सिमेंट भरले. त्यांनी पापडाच्या पैशांची गाठ सोडून नोटा मोजून दिल्या. नऊ महिन्यांनी त्या परत आल्या. दोन दातांतले सिमेंट गेलेले, बाकीचे खोल गेलेले आणि खरखरीत. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, पैसे घेऊन माती भरलीत का हो?" मला राग आला. मनातल्या मनात मी सिमेंट विकणाऱ्याला दोष दिला, पैसे न घेता पुन्हा भरून दिले आणि त्यांना वाटेला लावले.

पुढच्या वर्षी त्या तिसऱ्यांदा आल्या. त्या दिवशी प्रथमच मी विचारले, "मावशी, दात घासता कशाने?" त्या दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे बघून गप्प झाल्या. मी सुनेला बाहेर बसायला सांगितले. तेव्हा त्यांनी कनवटीची एक छोटी डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. डबीत मिसरी होती. तंबाखू भाजून घरी केलेली, आणि वर चुलीची राख मिसळलेली. दिवसातून चार-पाच वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे बोटाने घासायची. "सकाळी पोट साफ होतं, आणि दुपारी पापड लाटताना भूक लागत नाही," त्या हळूच म्हणाल्या. मुलाला ठाऊक नव्हते, सुनेला ठाऊक नव्हते.

मी त्यांचा खालचा ओठ उचलून पाहिला. आत पांढरा चट्टा होता. दोन वेळा मी त्या बाईच्या तोंडात तासतासभर काम केले होते, सहा दात बघितले होते, आणि ओठ उचलून एकदाही पाहिले नव्हते. तंबाखूच्या अशा चट्ट्यांपैकी काही पुढे कर्करोगाचे रूप घेतात. सिमेंट का टिकत नाही याचे उत्तर शोधताना तो चट्टा सापडला. सिमेंट टिकले असते तर कदाचित तो कोणाच्याही दृष्टीस पडला नसता.

मी त्यांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. तुकडा काढून तपासला. देवाची कृपा, की रोग झालेला नव्हता. मिसरी सोडणे सोपे गेले नाही. पहिला महिना त्यांचे डोके दुखे, चिडचिड होई. शेवटी सुनेला विश्वासात घ्यावे लागले, आणि नवल असे, की ती रागावली नाही. तिने सासूच्या कनवटीला बडीशेपेची डबी दिली. काही महिन्यांनी चट्टा फिका होत गेला. मग मी खाचांत तिसऱ्यांदा सिमेंट भरले, तेच सिमेंट, त्याच दुकानातले. ते पुष्कळ वर्षे टिकले.

तंबाखू घातलेली पेस्ट आणि मंजन तयार करण्यास व विकण्यास सरकारने १९९२ सालीच बंदी केली आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला कायदा कुठे पोहोचणार? तिथे आपले मंडळच पोहोचू शकते. इथे जमलेल्यांपैकी कोणाच्या कनवटीला अशी डबी असेल, तर तिला मी नाव ठेवणार नाही. फक्त आरशापुढे उभे राहून ओठ आणि गाल आतून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर लाज बाजूला ठेवून दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. असे चट्टे सुरुवातीला दुखत नाहीत. मोठ्या खर्चाची भीती वाटत असेल, तर मुंबईला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, तिन्ही ठिकाणांहून टर्मिनसला सरळ गाडी जाते.

आता घरी करण्यासारख्या चार गोष्टी सांगते.

दात घासणे कमी करू नका. माझ्या भाषणाचा तसा अर्थ कोणी लावला तर माझे आजचे येणे फुकट गेले. न घासल्याने भरण्याच्या कडेला कीड लागते, आणि ते नुकसान झिजण्यापेक्षा कितीतरी मोठे असते. दोन वेळा, दोन-दोन मिनिटे, फ्लोराइडच्या साध्या पेस्टने घासा. मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी.

हात हलका ठेवा. हे घरी तपासता येते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्रश टेकवा आणि रोजच्या जोराने दाबा. प्रयोगशाळेत घासण्याची चाचणी घेताना साधारणतः ५० ते २५० ग्रॅम वजनाइतका दाब देतात. तुमचा काटा अर्ध्या किलोकडे धावला, तर तुम्ही भांडी घासता आहात असे समजा! ब्रश मऊ केसांचा घ्या, करवतीसारखा आडवा चालवू नका, आणि केस फाकले की तो बदला.

आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका. चिंच, लिंबू, आवळा, कैरी यांच्या आंबटाने एनॅमल आणि भरण्याचा पृष्ठभाग दोन्ही काही वेळ मऊ पडतात. आधी चूळ भरा, निदान अर्धा तास जाऊ द्या, मग घासा.

आणि आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची कवळी. ती ॲक्रिलिकची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची असते आणि दाताहून फारच मऊ. प्रेमापोटी सुना सासूबाईंची कवळी पेस्टने, कधी भांड्यांच्या पावडरीने लखलखीत घासतात. तिच्यावर बारीक चरे पडतात, चऱ्यांत बुरशी वाढते, आणि सासूबाईंचा टाळू लाल होऊन जळजळतो. कवळी साध्या साबणाने व मऊ ब्रशाने धुवा, गरम पाणी लावू नका, आणि रात्री साध्या पाण्यात ठेवा.

भरलेला दात जिभेला खरखरीत लागू लागला तर तो लगेच उकरून नवा भरायलाच हवा असेही नाही. पुष्कळदा पॉलिश करून भागते. प्रत्येक नव्या भरण्याच्या वेळी चांगल्या दाताचाही थोडा भाग जातो, आणि भोक वाढत राहते. म्हणून डॉक्टरांना विचारा, "पॉलिशने होईल का?" आणि डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण दात कशाने घासतो हे त्यांना आपणहून सांगा. माझ्यासारखी एखादी डॉक्टरीण विचारायला विसरते.

या मंडळाच्या हळदीकुंकवाला विम्को नाक्यापलीकडून बायका येतात, उल्हासनगरच्या कॅम्पांतून आमच्या सिंधी भगिनी पापड घेऊन येतात, बदलापूरहून लोकलच्या गर्दीतून लेकरे सांभाळत येतात. घरोघरी दात घासण्याची रीत वेगळी. कोणाकडे कडुलिंबाची काडी, कोणाकडे राखुंडी, कोणाकडे पेस्ट. पुढच्या संक्रांतीला वाण लुटताना प्लास्टिकच्या डब्यांऐवजी एकेक मऊ ब्रश लुटावा, अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे. आणि तिळाच्या वड्या मात्र अवश्य कराव्यात. त्या मी स्वतः खायला येणार आहे; माझ्याही दोन दाढांत सिमेंट आहे!